बमरोलीचा रविवार

सुरतेच्या बमरोलीत श्रीरामपूर-राहात्याकडून आलेली पंधरा-वीस कॅथलिक कुटुंबं होती, पण चर्च नव्हतं. प्रभावतीची पुढची खोली हेच त्यांचं चर्च. तिचा नवरा डाइंग मिलमध्ये होता, तेव्हा त्याने ती खोली मुद्दाम जरा ऐसपैस बांधून घेतली होती. तो वारल्यावरही तिने रविवारी दार कधी लावून घेतलं नाही. शहरातल्या मोठ्या चर्चचे फादर महिन्यातून एकदा मिस्सा करायला यायचे. बाकीच्या रविवारी प्रभावती शुभवर्तमान वाचायची, प्रार्थना सांगायची, आणि सोमा पेटी वाजवायचा.

सोमा तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र. दोघं एकाच गावचे, सुरतेला आले तेही बरोबरच. त्यामुळे प्रभावती त्याची वहिनी, आणि तो तिचा भाऊजी. नवरा गेल्यावर खोलीवरचे पत्रे बदलायला सोमाच उभा राहिला होता. ती हे विसरली नव्हती.

चौऱ्याण्णवला प्लेग आला आणि सगळी सुरत स्टेशनकडे धावत सुटली. सोमाही बायकोला, लेकीला घेऊन गावी गेला. त्याची म्हातारी आई, धुरपदाबाई, तेव्हा तापाने फणफणली होती. ताप बघून डब्यातल्या लोकांनी आत घेतलं नसतं, असं तो नंतर म्हणाला. प्रभावती कुठेच गेली नव्हती. दोन दिवसांनी सोमाच्या घराची कडी तिने सहज काढून पाहिली, तर म्हातारी एकटीच पडलेली, उशाशी रिकामा तांब्या. प्रभावतीने तिला उचलून घरी आणलं. ताप साधाच निघाला, म्हातारी वाचली. सोमा परतला तेव्हा प्रभावती एवढंच म्हणाली, "बरं झालं आलात. आई वाट बघत होत्या." वस्तीत तिने त्याविषयी कधी अवाक्षर काढलं नाही.

पुढे शहाण्णवच्या ईस्टरनंतर मोठ्या चर्चचे फादर मेकवान यांनी शहर, उधना आणि बमरोली अशा तिन्ही ठिकाणच्या लोकांना तिथे बोलावलं. त्यांच्या हाताखालच्या धाकट्या फादरांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी पाठवायला कुणी नव्हतं. आता चर्चच्या कामाची घडी नव्याने बसवायची, आहे ते सगळ्यांनी मिळून वापरायचं, असा निरोप होता. बमरोलीतून प्रभावती आणि सोमा निघाले.

रिक्षात दोघांचं ठरलं. "फादर येवोत न येवोत, बमरोलीचा रविवार बमरोलीतच राहायला पाहिजे," प्रभावती म्हणाली. "लूमवर बारा-बारा तास उभी राहणारी माणसं पोराबाळांना घेऊन एवढ्या लांब कशी येणार? अन् तुमच्या आईसारख्यांनी काय करायचं?"

"तेच सांगायचं," सोमा म्हणाला. "पण वहिनी, बोलतो मी. तुम्हाला गुजराती धड येत नाही. माणसं हसतात."

ती हो म्हणाली.

फादर भले माणूस होते. त्यांनी काही लपवलं नाही. "मी एकटा आहे आणि जागा तीन आहेत," ते हिंदीत म्हणाले. "ज्यांना आपला रविवार आपण चालवता येईल त्यांनी चालवावा, मी दोन महिन्यांतून एकदा येईन. ज्यांना जमणार नाही त्यांनी इथे यावं. पेटी, तबला, गाणारी माणसं, शिकवणारी माणसं, सगळं एकत्र आणू." उधन्याचे लोक म्हणाले, आम्ही चालवू. मग फादरांनी बमरोलीकडे पाहिलं.

सोमा उठला. चांगल्या स्वच्छ गुजरातीत बोलला. प्रभावतीला सगळं बोलता येत नसलं तरी समजत होतं.

"फादर, आमची काही तक्रार नाही. आमचे लोक इथेच येतील. रविवार चालवणाऱ्या या वहिनी, पण आता त्यांना झेपत नाही. त्यांनीच मला सांगितलंय, मला मोकळं करा. आमची पेटीही आम्ही इथे देऊ."

प्रभावतीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. तिने सोमाकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"प्रभावतीबेन, सच है?" फादरांनी विचारलं.

तिच्या तोंडात शब्द आला होता, 'खोटं.' पण उधन्याचे, शहरातले सगळे तिच्याकडे बघत होते. भरसभेत आपल्याच माणसाला खोटं पाडायचं? नवऱ्याच्या मित्राला? ती नुसती उठून उभी राहिली. फादरांना ते उत्तर वाटलं. त्यांनी हात जोडले, इतकी वर्षं केलेल्या सेवेबद्दल तिचे आभार मानले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत तिचा रविवार बुडाला.

परतीच्या रिक्षात तिने विचारलं, "भाऊजी, मी कधी म्हणाले तसं?"

"तुमच्याच भल्याचं केलं," एवढं बोलून तो उधन्याच्या नाक्यावर उतरून गेला.

पंधरा दिवसांत पेटी गेली, आणि फादरांच्या सांगण्यावरून प्रभावतीच्या खोलीतली रविवारची प्रार्थनाही बंद झाली. मोठ्या चर्चमध्ये मराठी गाण्यांची जबाबदारी सोमाला मिळाली, आणि नव्या समितीत त्याचं नाव आलं. ते एक वेळ तिने गिळलं असतं. पण वस्तीतल्या बायका नळावर तिला बोलायला लागल्या. "थकली होतीस तर आम्हाला सांगायचं होतंस बाई," मंगलाबाई म्हणाली. "परस्पर दार कशाला लावलंस?" प्रभावतीने खरं काय ते सांगितलं. मंगलाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तू तिथं होतीस ना? मग बोलली का नाहीस?"

फादरांकडे ती एकटी गेली, तेव्हा त्यांनीही तेच विचारलं. त्यांना वाईट वाटलं, ते तिला दिसत होतं. "आता वर्षाचं सगळं ठरलंय," ते म्हणाले. "आणि दोघांत खरं कोण बोलतंय हे मी कसं ठरवू, बेन?"

मोठ्या चर्चला बमरोलीतली चार-पाच घरंच जायची. काहींनी जवळच्या दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये जायला सुरुवात केली, काहींनी रविवारी नुसतंच झोपायला.

पावसाळ्यानंतर धुरपदाबाईंनी अंथरूण धरलं. त्यांनी निरोप धाडला, प्रभाला म्हणावं शुभवर्तमान घेऊन ये. प्रभावती रविवारी दुपारी गेली. सोमा घरी असेल असं तिला वाटलं नव्हतं, पण तो दारातच भेटला. आत म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू आवाजात म्हणाली, "केसानं गळा कापलात, भाऊजी. मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

त्याने आतलं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "काही नाही. तेच तर. आईचं तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मला सुद्धा एका शब्दानं बोलला नाहीत. दर रविवारी तुम्ही वाचायला उभ्या राहिलात की मला वाटायचं, आज सांगतील. मी खाली बसून पेटी वाजवायची अन् तुम्ही वर उभ्या. दोन वर्षं, वहिनी."

"मी कधीच सांगणार नव्हते."

"ते मला ठाऊक होतं," सोमा म्हणाला. "म्हणूनच सहन होत नव्हतं."

त्याने शर्ट चढवला आणि तो बाहेर निघून गेला. दोन वर्षं प्रभावतीला वाटत होतं की गप्प राहून आपण त्याला सांभाळलं. त्याने त्याच गप्प राहण्याचा सूड घेतला होता.

ती आत गेली, तिने वाचलं, प्रार्थना सांगितली. म्हातारीने तिचा हात धरून ठेवला. "तुमच्या दोघांचं काय वाजलंय, मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "पर लेकी, माझ्या सोमाशी बोलत जा. मी गेल्यावर त्याला कोन हाय?"

"मावशी, तुम्हाला वाचून दाखवायला मी दर रविवारी येईन," प्रभावती म्हणाली. "तुमचं सगळं करीन. पण हे मागू नका."

म्हातारीने पुन्हा काही मागितलं नाही. प्रभावती पुढचे सगळे रविवार तिथे जात राहिली. सोमाची बायको लीला चहा ठेवायची आणि कोपऱ्यात बसून ऐकायची. शेजारच्या एक-दोन बायकाही येऊ लागल्या. सोमा त्या वेळी घरात थांबत नसे, आणि तो कुठे जातो हे प्रभावतीने कधी विचारलं नाही.