मशीनगनची सहावी डिस्क

"आई, फेकून दे तो डीव्हीडी प्लेअर. नवा टीव्ही पाठवतो. फोनवरनं सगळं दिसेल."

"आणि लावायचं कोणी?"

"तू लाव ना."

इथेच मुलाचं चुकलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात नवऱ्याची उजवी बाजू गेली होती. फोनच्या काचेवर डावं बोट टेकवलं की भलतंच काही उघडायचं. जुन्या प्लेअरचं बटण मात्र अंगठ्याएवढं, दाबलं की टक्‌ वाजणारं. चाळीस टनांची क्रेन चालवलेल्या माणसाला घास भरवून घ्यावा लागत होता, दाढी करून घ्यावी लागत होती. मुलाने पाठवलेली नातवाची पोहण्याची शर्यत तरी मीच लावणार, असं त्याने बजावलं होतं. "तू लावलीस तर मी डोळे मिटून घेईन."

बोलला तर करणारा माणूस.

"डिस्कच करणार," तिने मुलाला सांगून टाकलं. कचेरीत तिला मशीनगन म्हणत. अडतीस वर्षं टाइपरायटर बडवलेल्या बाईला कॉम्प्युटरची भीती कसली?

*डिस्क क्र. १. विषय: नातू, पोहणे.*

फाइल होती तशी चढवली, वर टाइप केलेलं लेबल चिकटवलं. प्लेअरने तोंड फिरवलं. समोरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, त्याला नुसती फाइल कळत नाही. डीव्हीडी व्हिडिओ हा प्रकार निवडा, रूपांतर होऊन जाईल. पण हल्ली कोण करतं हे?"

"मी."

*डिस्क क्र. २. विषय: तोच.*

रूपांतर झालं. शेवटी डिस्क बंद करायची असते, त्या चौकटीत खूण करायची राहिली. उघडी डिस्क प्लेअर ओळखेना.

"पाकीट न चिकटवता टपालात टाकलंस," नवरा म्हणाला.

*डिस्क क्र. ३. विषय: तोच. शेरा: घाई.*

डिस्क लिहिण्याचा सगळ्यात जास्त वेग निवडला. जन्माची सवय. पाण्याचे चौकोन झाले. नातवाचं डोकं एकात, पाय दुसऱ्यात.

"पोरगं पोहतंय की बुडतंय?"

"गप्प बसा हो."

*डिस्क क्र. ४. वेग: सर्वांत कमी. बंद केली.*
*डिस्क क्र. ५. वरीलप्रमाणे.*

कॉम्प्युटरवर दोन्ही सुरळीत. प्लेअरमध्ये दोन्ही अकराव्या मिनिटाला अडकल्या. शर्यतीची शिट्टी बाराव्याला होती. नवऱ्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग हात मांडीवर ठेवला.

"राहू दे. दाखव तूच, फोनवर."

"नाही दाखवणार," ती म्हणाली आणि चपला पायांत सरकवल्या.

दुरुस्तीवाल्याने पाचवी डिस्क उलटीसुलटी केली. "हे काय चिकटवलंय?"

"लेबल."

"झकास आहे. पण डिस्क आत भोवऱ्यासारखी फिरते, काकू. एका बाजूला कागद आला की तोल जातो. कॉम्प्युटर सांभाळून घेतो, तुमचा म्हातारा प्लेअर नाही घेत."

"सोलून काढू?"

"वरचा थर निघून येईल. नवी करा, आणि कोरीच ठेवा."

ती लेबलाकडे बघत राहिली. चारही कडा अगदी सरळ. तिच्या लेबलाशिवाय त्या कचेरीत एक किल्लीही खिळ्यावर टांगली जात नसे. चांगल्या दोन डिस्क तिच्या नेटकेपणानेच मारल्या होत्या.

"कोरी डिस्क द्या."

"दोन देऊ? असू द्या एक जास्तीची."

"एकच."

 

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "टीव्ही मागवतोय हं, आई."

"नको मागवूस. आणि आत्ता ठेव, तुझे बाबा कामात आहेत."

"बाबा? कसल्या कामात?"

तिने फोन बंद केला.

नवरा प्लेअरपुढे वाकला होता. डाव्या हातातली डिस्क मधल्या खुंटीवर बसेना. एकदा घसरली. दुसऱ्यांदा गुडघ्यावरून जमिनीवर गेली. त्याने धाप टाकत उचलली, बनियनला पुसली. ती खुर्चीत होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, तोंड खिडकीकडे करून. तिसऱ्यांदा किती वेळ लागला ते तिने मोजलं नाही.

टक्‌.

अकरावं मिनिट न अडकता सरलं. बारावं लागलं. शिट्टी झाली, पोरं पाण्यात पडली. नातू शेवटून दुसरा आला.

"पुन्हा लावतो," नवरा म्हणाला. "तू जरा सरक. मध्ये येतेस."