खांद्यावरचा माणूस

"नारळ धर, सुद्या," विश्रामदादा म्हणाला आणि फळीवरचे स्क्रू बाजूला सारून त्याने उघडलेल्या शिवणयंत्राशेजारी शेंडीचा नारळ ठेवला.

सुदेशच्या हातातला पाना तसाच राहिला. उद्या गुरुपौर्णिमा. उद्यापासून मंडळाच्या गोविंदा पथकाचा सराव सुरू व्हायचा. त्याच्या आदल्या दिवशी एक नारळ घरी येतो, तो सगळ्यांत वर चढणाऱ्या पोराच्या बापाकडे. बापाने ठेवून घेतला की पोर मंडळाचं झालं. नको असेल तर तिथल्या तिथे परत करायचा. मंडळाची ही जुनी रीत. परत केल्याचं मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"ऐश्वर्या?" त्याने विचारलं.

"मग काय तू चढतोयस?" विश्रामदादा हसला आणि मग त्याचं त्यालाच ते लागलं. "तसं नाय रे. पोरगी हलकी आहे, पंधराची झालीय, कायद्यात बसते. आता हेल्मेट असतं, वरून दोरी असते. आपल्या टायमासारखं राहिलंय का? यंदा टेंभी नाक्यावर सात थरांची सलामी द्यायची, बस!"

आपल्या टायमाला सुदेश अकरा वर्षांचा होता. सगळ्यांत वरच्या थरावरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं शरीर त्याला कायमचं परकं झालं. डॉक्टरांनी हात टेकले, नातेवाईक हळहळून आपापल्या घरी गेले, पण मंडळाची पोरं गेली नाहीत. दहावी होईपर्यंत त्यांनी त्याला आळीपाळीने खांद्यावर घेऊन शाळेचा जिना चढवला. शिवणयंत्रं दुरुस्त करायला शिकायचं ठरलं तेव्हा कल्याणपर्यंत नेलं-आणलं. लग्नात तर नवरदेव घोड्यावर नव्हे, विश्रामदादाच्या खांद्यावर बसून मांडवात आला आणि अंतरपाटाआड योगिनीला हसू आवरेना. आता स्वतःचं दुकान होतं. डोंबिवलीपासूनच्या बायका मशीन टेम्पोत घालून त्याच्याकडे आणत. कुणाला हेवा वाटावा असा संसार होता. पण तो ज्या खांद्यांवर उभा होता, ते खांदे आज दारात येऊन काहीतरी मागत होते.

"बघू," सुदेश म्हणाला.

म्हणायचं होतं 'नाही'. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. विश्रामदादाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो निघून गेला. नारळ तिथेच राहिला.

योगिनीने तो पाहिला आणि ती दारातच थांबली. "परत का नाही केलात?"

"कुठल्या तोंडाने करू?"

"झोपेत ज्या तोंडाने ओरडता ना, त्याच तोंडाने."

"अगं, त्या माणसाने मला जन्मभर उचललंय."

"मी कुठे नाही म्हणतेय? पण म्हणून पोरगी द्यायची? मी बोलले तर म्हणतील, बाई आडवी आली. तुम्हीच सांगायला पाहिजे."

"उद्या सांगतो."

उद्या हा शब्द मोठा लबाड. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच मैदानाकडून ढोल ऐकू येऊ लागला. तरी सुदेश एका मशीनचा पट्टा बदलत बसला, मग तेलपाणी करत बसला. जे बोलायचं त्याची जुळवाजुळव करण्यात संध्याकाळ झाली. ऐश्वर्या अजून क्लासहून कशी आली नाही, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हातातलं काम टाकलं. नारळ मांडीवर घेऊन त्याने चाकाची खुर्ची मैदानाकडे वळवली.

तो पोचला आणि ढोल थांबला. शेवटचं पोर चढायला लागलं की या मंडळात ढोल थांबवतात.

चार थर उभे होते आणि पाचव्यावर ऐश्वर्या चढत होती. सुरक्षेची दोरी मैदानाच्या कडेला वेटोळं होऊन पडली होती. पहिल्याच दिवशी, पाचच थरांना कशाला हवी, असं वाटलं असेल कुणाला. खालच्या फळीतल्या एका माणसाची पोटरी थरथरत होती. बाकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं, सगळे वर बघत होते.

तिचं नाव सुदेशच्या ओठांवर आलं आणि त्याने तोंड घट्ट मिटलं. त्या वर्षी त्याच्या बापाने गर्दीतून कौतुकाने हाक मारली होती, "सुद्या!" आणि सुद्याने खाली पाहिलं होतं, तिथेच तोल गेला होता. बाप मरेपर्यंत त्याने हे त्याला कळू दिलं नाही, योगिनीलाही कधी सांगितलं नाही. आता तो चाकं मुठीत आवळून बसून राहिला. ऐश्वर्या सरळ उभी राहिली, दोन्ही हात पसरले, आणि मग एकेका खांद्यावरून पाय टाकत हळूहळू खाली आली.

ढोल कडाडला. ती धावतच त्याच्याकडे आली. "बाबा, बघितलंस?" म्हणत ती वाकली आणि त्याच्या पाया पडली. पायांना काही कळलं नाही, पण तिचं घामेजलेलं डोकं त्याला दिसलं.

"विश्रामदादा," तो म्हणाला, "नारळ परत घे. उद्यापासून ती येणार नाही."

ढोलवाल्याचा हात थांबला. विश्रामदादा पुढे आला. "सुद्या, आम्ही तुला..."

"माहितीये. जन्मभर उचललंत. मरेपर्यंत विसरणार नाही. पण पोरगी नाही द्यायची मला."

विश्रामदादाने नारळ घेतला आणि पाठ फिरवली. ऐश्वर्याचे डोळे भरून आले. "सगळ्यांसमोर, बाबा?" एवढंच म्हणून ती निघाली.

मैदानातून बाहेर पडताना चढ लागतो. तिथे आजवर खुर्चीला मागून कुणाचा ना कुणाचा हात न सांगता लागायचा. आज लागला नाही. सुदेशने चाकांवर जोर दिला, खुर्ची वीतभर वर गेली, थोडी मागे आली, पुन्हा वर गेली. पुढे ऐश्वर्या मागे वळूनही न बघता, रागाने पाय आपटत चालली होती. तिच्या पावलांचा तो आवाज ऐकत तो मागून चढत राहिला.