उनाने पुढे न केलेला हात

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे, पण कमरेला बांधायचा नव्हे. स्कॉटलंडमधल्या एका खाणगावात खोगीर शिवणाऱ्या कारागिराने मला जाड कातड्यातून कापलं आणि माझं एक टोक मधोमध चिरलं. मुलांच्या तळहातांवर बसण्यासाठीच माझा जन्म झाला.

लेनॉक्स मास्तर मला कोटाच्या आत खांद्यावर बाळगत. उशीर झाला, स्पेलिंग चुकलं, की मी बाहेर. "याच्यामुळेच वर्ग चिडीचूप असतो," असं माझं कौतुक होई. मला मात्र कधीच स्वस्थता नसे. मारून झाल्यावरही अंगात थरथर उरे.

एकदा अकरा वर्षांच्या उना गेडिसची पाळी आली. तिने हात पाठीमागे घेतले.

"हात पुढे कर."

"नाही, सर. चुकलेलं पुन्हा लिहीन. हात नाही देणार."

"मग घरी जा. तयारी झाली की ये."

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील आले. मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलो होतो. खाणीत काम करणारे तिचे वडील डूगल ओशाळून म्हणाले, "पोरगी हट्टी आहे, सर. आम्ही काय कमी फटके खाल्ले? काय बिघडलं आमचं?"

"काही नाही ना?" तिची आई एफी म्हणाली. "मग इथं आल्यापासून हात खिशात का घातलेत?"

डूगलनी हात बाहेर काढला आणि मला उचललं. तो राकट तळहात घामाने ओला होता. बराच वेळ त्यांनी मला धरून ठेवलं, मग खाली ठेवलं.

"लेक शाळेत येईल. हात देणार नाही."

"मग शिस्तीचं काय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा. शिकलेले तुम्ही आहात."

उनाला वर्गात घेतलं नाही. शिक्षकांच्या खोलीत रोज वाद पेटे. "हिला सोडलं तर उद्या सगळी डोक्यावर बसतील," लेनॉक्स म्हणत. शिवण शिकवणाऱ्या ग्रिझेल बाई सुई ओवता ओवता म्हणाल्या, "डोक्यावर बसलेलं पोर निदान जवळ तरी असतं."

पुढच्या वर्षी आमच्या भागातल्या शाळांत पट्टा बंद झाला. मी वर्गातल्या टेबलाच्या खणात गेलो. उना परतली ती धाकट्या मुलांच्या बाकावर.

"तुझं वर्ष गेलं," लेनॉक्स तिच्याजवळ जाऊन म्हणाले.

"हो, सर."

ते फळ्याकडे वळले.

आता मी शाळेच्या काचेच्या कपाटात असतो. जुने विद्यार्थी येतात, हसत मला बाहेर काढतात. "आजच्या पोरांना हाच हवा," म्हणत हवेत फिरवून बघतात. तेव्हा माझी ती थरथर पुन्हा सुरू होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू 'आम्हाला वापरात ठेवा' म्हणून विनवतात. माझं मागणं उलटं आहे. ते कपाट बंदच राहू द्या.