पत्रावळीवरची सरोवरे

उचगावच्या अण्णासोंचा एक नियम होता. भाची दीक्षाला पाहायला आलेल्या पावण्यांना ते पोह्यांवर बोळवत नसत. थेट पंगतीला बसवत. "पोहं खाताना माणूस सोंग आणतंय," ते म्हणत, "रस्सा वरपताना न्हाय जमत."

म्हणून १९९८च्या मार्चमधल्या एका रविवारी मंगळवार पेठेतला प्रसेनजीत त्यांच्या घराच्या पुढल्या सोप्यात, पंगतीत मान खाली घालून बसला होता. शाळांच्या भिंतींवर नकाशे रंगवणे हा त्याचा व्यवसाय. रिकाम्या वर्गात दूरदेशीच्या पाण्याला निळा रंग देताना तो मनाशी पुष्कळ बोले. माणसांपुढे मात्र शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी फिरत. याआधी दोन घरांतून 'मुलगा बोलत नाही' असा निरोप आला होता. तेव्हा त्याला फारसे वाईट वाटले नव्हते. आज वाटणार होते. तांब्या ठेवताना दीक्षाने एकदाच त्याच्याकडे पाहिले होते, आणि तेवढ्यानेच नकाराची भीती त्याच्या मनात घर करून बसली होती.

"पावणं मुकं हाय काय?" उजवीकडे बसलेल्या अण्णासोंनी विचारले. कबनूरच्या मागावर स्वतः विणलेले पांढरेशुभ्र धोतर ते आज खास नेसले होते.

"लाजतंय वो," समोरच्या ओळीतून प्रसेनजीतची आई बायडाबाई म्हणाल्या.

"मग लगीन झाल्यावर भाकरी काय खुणा करून मागणार?"

पंगत हसली. प्रसेनजीतने मुकाट्याने भाताला आळे केले. तांबड्या रश्श्याचे पातेले घेऊन दीक्षा पुढ्यात आली.

"परवा कुठला नकाशा रंगवलात?"

"कॅनडा."

"काय असतंय तिथं?"

"पाणी."

अण्णासोंनी कपाळाला हात लावला. दीक्षा मात्र हलली नाही. "कुठं कुठं?" तिने विचारले.

त्याने भातात बोटाने आणखी चार खळगे केले. "इथं ओता. हे सुपीरियर सरोवर, सगळ्यात मोठं. ते ह्युरनला पाणी देतंय. शेजारचं मिशिगन अमेरिकेचं, पण दोघांचं पाणी एकच. मग ईरी." आता बोट थांबेना, जीभही थांबेना. "इथनं नायगारा खाली कोसळतो, ऑन्टारिओ भरतं, आणि तिथनं सेंट लॉरेन्स नदी पूर्वेला सरळ…"

त्याने भाताचा शेवटचा बांध फोडला. पत्रावळीला काठ नसतो, हे त्याच्या ध्यानी आले नाही. सेंट लॉरेन्स झोकात वाहत गेली आणि अण्णासोंच्या मांडीवर विसावली.

बायडाबाईंचा घास हातातच राहिला.

अण्णासोंनी धोतरावरचा तांबडा डाग सावकाश न्याहाळला. "आणि समुद्र कुठं म्हणायचा?"

प्रसेनजीतने डागाकडे बोट केले. "अटलांटिक… तुमच्या धोतरावर, मामा."

अण्णासोंना ठसका लागेस्तोवर हसू आले. "आयला! मामा म्हणाला की! बोलतंय, आणि बोलतंय ते बी वंगाळ न्हाय!"

हशा ओसरला तसा दीक्षाने पांढऱ्या रश्श्याचा वाडगा उचलला. "हिवाळ्यात ही तळी गोठत असतील न्हवं?"

"वरनं गोठतात," तो हळू म्हणाला. "खाली पाणी असतंयच. वाहत असतंय."

तिने त्याच्याकडे पाहिले. या वेळी नजर लगेच फिरवली नाही. "व्हय. कळलं," म्हणत तिने पाचही तळ्यांवर पांढरा रस्सा अलगद सोडला.

"दीक्षे, आता तूच सांग," अण्णासो धोतर झटकत म्हणाले. "काय करायचं?"

तिने प्रसेनजीतलाच विचारले, "संपला कॅनडा?"

"वरचं ग्रेट स्लेव्ह तळं राहिलं. तिथनं मॅकेन्झी नदी निघते, उत्तरेला."

दीक्षाने पत्रावळीच्या उत्तरेला पाहिले. तिथे बायडाबाई बसल्या होत्या, नवे इरकल लुगडे नेसून. ती वाकून हळूच म्हणाली, "आई, पदर तेवढा सावरून बसा."

'आई' ऐकताच सोप्यात पुन्हा गलका झाला. बायडाबाईंनी पदर सावरला. पण डोळ्यांना लावण्यासाठी.

"येऊ दे गं," त्या म्हणाल्या, "येऊ दे माझ्याकडं!"