हिरवागार बर्फ

रियाधमध्ये बाहेर सेहेचाळीस अंश आणि वहाबच्या ऑफिसात एसी सोळावर. ध्रुवावरच्या बर्फावर नजर ठेवणारा माणूस स्वेटर घालूनच बसायला हवा, नाही का! उपग्रह बर्फाची उंची मोजून पाठवायचा, वहाब तिचे नकाशे करायचा. वितळला तिथे लाल. यंदाचा नकाशा नुसता लालेलाल झाला होता.

तिकडे कोकणात, खाडीकाठी, अब्बा याच नकाशासाठी खोळंबले होते. उधाणाचं पाणी ओटीला लागू लागलं होतं. जुनं घर पाडून तिथेच नवं बांधायचं, की वर टेकडीला जागा बघायची? "आमचा वहाब आभाळातून बघतो, तो सांगेल," असं ते गावभर सांगत सुटले होते. "नकाशांचं पुस्तक छापून आलं की पाठवतो," असं वहाबही मोठ्या ऐटीत बोलून बसला होता.

मग नकाशा उमाकांतसाहेबांच्या टेबलावर गेला. साहेब मूळचे साताऱ्याचे, इथे मॅनेजर.

"वहाब, हे लाल फार डोळ्यांत खुपतं हो. पाहुण्यांच्या हातात जाणारं पुस्तक आहे. हिरवं करा."

"साहेब, हिरवं केलं तर लोकांना वाटेल सगळं आलबेल आहे."

"कुठला रंग कशाचा ते खाली बारीक अक्षरांत लिहा. खोटं कुठे बोलतोय आपण?" साहेबांनी चहाचा घोट घेतला. "तुमचा इकामा या महिन्यात संपतोय ना? कागद माझ्याकडेच आलेत सहीला."

झालं. राहायचा परवानाच गेला तर बायको-लेकीला घेऊन जायचं कुठे? वहाबने मुकाट्याने वितळलेला बर्फ हिरवागार करून टाकला. आकडे तर खरेच आहेत, अशी मनाची समजूत घातली. या कामात माणूस भलता हुशार असतो.

इकामा झाला. पुस्तकही निघालं, चांगलं गुळगुळीत. नकाशाखाली आपलं छापील नाव बघून वहाब असा हरखला की त्या पानाचा फोटो लगेच अब्बांना धाडला. रंगांचं काय ते सवडीने सांगू म्हणाला, आणि विसरला.

महिन्याभराने अब्बांचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"जोतं बांधून झालं बघ. खाडीकाठीच."

"कुणाला विचारून, अब्बा?"

"तूच पाठवलंस की. हिरवंगार आहे सगळं."

"अहो, रंगावर जाऊ नका. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ते वाचलंत का?"

"वाचलं तर. चष्मा लावून दोनदा वाचलं, शेजाऱ्यांनाही दाखवलं."

वहाबचा जीव भांड्यात पडला. "मग? काय लिहिलंय?"

"तुझं नाव," अब्बा म्हणाले.