मांडवाखालची काकडी

बाजारातल्या काकडीला हल्ली चवच राहिली नाही, असं संगीता जेवताना नेहमी म्हणायची. लग्नानंतर ती अच्छाडला राहायला गेली. हायवेलगत नवऱ्याचं पंक्चरचं दुकान, भाजी सगळी विकतची. काकडी चिरायला घेतली की तिला हमखास गंजाडचं माहेर आठवायचं आणि घरामागचा बाबांचा वेलांचा मांडव.

यंदा गौरीच्या सणाला ती माहेरी आली आणि चहासुद्धा न घेता मांडवाकडे वळली. बाबा आता नव्हते. धाकटा भाऊ संदीप शेती बघत होता. बांबूच्या जागी तारा आल्या होत्या, पण पावसानंतरचा पानांचा ओला वास तोच होता. लहानपणी शाळेतून आलं की दप्तर टाकून दोघं भावंडं इथेच शिरायची. काकडी तोडायची, कपड्याला पुसायची आणि उभ्याउभ्या खायची. बाबा वेलांवर चुलीतली राख भुरभुरायचे. किडकं फळ दिसलं की हाक मारायचे, "उचला रे पोरांनो, लांब नेऊन पुरा!" एखाद्या वर्षी माशी फार लागायची, निम्मी फळं हातची जायची आणि बाबांचा चेहरा उतरायचा. पण उरलेल्या काकडीची ती चव!

संगीताने एक कोवळी काकडी तोडली, पदराला पुसली आणि तोंडाशी नेली.

"ताई! टाक ती! खाऊ नको!"

ओटीवरून संदीप धावत आला आणि त्याने काकडी हिसकावून घेतली.

"अरे, काय झालं?"

"काल संध्याकाळीच औषध मारलंय."

संगीता घाबरली. संदीपची बायको निलम साबण घेऊन आली, तिने संगीताला हात स्वच्छ धुवायला लावले. हात पुसताना संगीताचं लक्ष अंगणात गेलं. तिथे ताज्या काकड्यांनी भरलेले क्रेट रचलेले होते.

"आणि या?"

"उद्या टेम्पोत जातील. तलासरीला, अच्छाडला..." बोलता बोलता संदीप अडखळला.

"अच्छाडला मीच घेते रे काकडी," संगीता हळूच म्हणाली. "पोरांच्या डब्यात देते."

संदीपची मान खाली गेली. तरी तो पुटपुटला, "लोक धुऊन खातात ना."

"सगळंच धुऊन जात नाही," निलम म्हणाली. बचत गटातर्फे ती फवारणीच्या प्रशिक्षणाला जाऊन आली होती. आजवर तिचं कुणी ऐकलं नव्हतं. तिने पडवीतून बाटली आणून नवऱ्यापुढे धरली. "वाच. प्रतीक्षा काळ, सात दिवस. म्हणजे फवारल्यावर तेवढे दिवस फळ तोडायचंच नाही. आणि हे आंतरप्रवाही आहे, झाडाच्या रसातून आत फिरतं. ते पाण्याने कसं जाणार? हा पिवळा त्रिकोण बघ. लाल सगळ्यात जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा. आपण औषध म्हणतो, पण आहे विषच! आणि तू तोंडाला फडकंसुद्धा न बांधता फवारतोस."

"मग कीड कशी जाणार? दुकानदाराने दिलं ते मारलं. एक झाकण जास्तच टाकलं."

"लिहिलेल्या मात्रेपेक्षा जास्त टाकून कीड जास्त मरत नाही." निलमने खाली पडलेलं सडकं फळ काठीने फोडलं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. "आधी कीड ओळख. ही फळमाशीची अळी. ती बसलीय आत गरात. तिथे ती मरेल इतकं औषध पोचत नाही, खाणाऱ्याला बाधेल इतकं मात्र पोचतं! मधमाश्या तेवढ्या मरतात. माशीचे सापळे लावू, गळलेली फळं रोज उचलू. बाबा तेच करायचे ना?"

संदीप क्रेटपाशी जाऊन बसला. मग त्याने चाचरत विचारलं, "म्हशीला घालू का?"

"आणि दूध कोण पिणार?" संगीता म्हणाली.

अखेर तो उठला. विहिरीपासून लांब, माळावर त्याने खड्डा खणला आणि सगळे क्रेट त्यात रिकामे केले. माती लोटताना त्याचे डोळे भरून आले. मेहनतीचं फळ पुरणं सोपं नसतं! यंदा प्रथमच संगीता माहेरून रिकाम्या पिशवीने परतली, पण तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

वेलांवरची फळं थांबून थांबून जून झाली. व्यापाऱ्याने नाक मुरडलं. संदीपने ते सोसलं. सात दिवसांची मुदत संपल्यावर तो स्वतः अच्छाडला काकड्यांची पिशवी घेऊन गेला, बहिणीच्या दारात बसून काकडी चिरली आणि पहिली फोड आपल्या तोंडात टाकली.

"ताई, त्या दिवशी तुला ओळखतो म्हणून ओरडलो," तो म्हणाला. "बाजारात घेणाऱ्याला मी ओळखत नाही, एवढाच काय तो फरक होता."

मंडळी, हा फरक आपणच पुसायचा आहे. कीड ओळखा, लेबल वाचा, मात्रा पाळा, तोंड-हात झाका आणि प्रतीक्षा काळ संपेपर्यंत फळाला हात लावू नका. जे आपण आपल्या लेकराच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकरासाठी विकायचा हक्क आपल्यापैकी कुणालाच नाही.