तिसरा रिले

तिसऱ्या रिलेचाही एक पाय वितळला होता. वायरिंगवाल्याने तो काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा काळा ठोकळा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वास घेऊन पाहिला.

"दोन महिन्यांत तीन. टर्नर, तुझी गाडी रिले खाते की काय?"

टर्नरने नजर बॉनेटकडे वळवली. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर काढल्यामुळे लोक त्याला अजून टर्नरच म्हणत. गाडी खरं तर त्याच्या बायकोची. दोन सीटची, बुटकी, तीस वर्षांची स्पोर्ट्स कार. तिने हौसेने जुनी घेतली आणि अगदी शेवटचे काही महिने सोडले तर कुणाच्या हाती न देता स्वतः चालवली. तिला जाऊन आठ महिने झाले होते. आज दुपारी लेक तीच गाडी घेऊन, एकटी, घाट उतरून नोकरीच्या गावी निघणार होती. या रिलेमधून इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला करंट जायचा. तो गेला की इंजिन असेल तिथे बंद.

"पंप तपासला, सात अँपिअर. एकदम सरळ," वायरिंगवाला म्हणाला. "गाडी इथे आली की परक्या घरी आलेल्या पोरासारखी शहाणी वागते. तुझ्या घरी गेली की हिच्या अंगात काय येतं? आणि इथे तीसचा फ्यूज कोणी घातला? पंधराचा पाहिजे."

"आधीच्या मालकाने घातला असेल."

तो त्यानेच घातला होता. शेवटच्या हिवाळ्यात बायकोची कंबर धरायची. ती शेजारच्या सीटवर बसायची आणि गाडी तो चालवायचा. त्याने त्या सीटमध्ये शेकायची गादी शिवली आणि तिची वायर पंपाच्या लाइनमधून ओढली, म्हणजे इंजिन चालू असेपर्यंतच तापेल. फ्यूज उडायला लागला तेव्हा मोठा टाकला. "शेकतोयस की भाजतोयस?" असं ती हसून म्हणाली होती.

ती गेल्यावर अधूनमधून, आणि गेले दोन महिने तर रोज संध्याकाळी, गॅरेजचं दार उघडं ठेवून तो इंजिन चालू करायचा आणि शेजारच्या सीटवर हात ठेवून बसायचा. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी सीट उबदार व्हायची. इथे गाडी आणताना मात्र सीटखालचा स्विच तो न विसरता बंद करायचा. गादी ओढते त्या जास्तीच्या करंटनेच रिले मरतायत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वायरिंगवाल्याने डब्यातून एक दांडगा रिले काढून बसवला. "हा ट्रकचा. हा काही मरायचा नाही."

"मग झालं काम."

"कसलं झालं? रिले मरत होता म्हणून बाकीचं वाचत होतं. जास्तीचा करंट कुठेतरी जातोय आणि मला सापडत नाही. आता रिले टिकेल, वायर जळेल. पेट्रोलचा पाइप सीटखालूनच गेलाय, तेवढं लक्षात ठेव."

स्विच बंद आहे, टर्नरने मनाशी म्हटलं. तेवढ्यात लेक बॅग घेऊन आली आणि गाडीत बसलीही. मोठी बॅग बसेना म्हणून तिने शेजारची सीट जोर लावून मागे ढकलली. सीट ज्यावर सरकते त्या खालच्या पट्टीवर काहीतरी करकरलं. तिचा हात किल्लीकडे गेला.

वायर त्याने त्या पट्टीखालूनच नेली होती. स्विच पट्टीच्या पुढे, गादीच्या बाजूला होता. म्हणजे स्विच बंद असला तरी इंजिन चालू होताच पट्टीपर्यंतची वायर जिवंत.

"थांब. चालू करू नकोस. उतर."

"आता काय झालं, बाबा?"

"उतर म्हणतो ना." मग वायरिंगवाल्याकडे न बघता तो म्हणाला, "ती सीट काढ."

चार बोल्ट निघाले. पट्टीखाली वायरचं कातडं सोलून तांबं उघडं पडलं होतं. वरचा फोम पंजाएवढा करपला होता. पेट्रोलचा पाइप तिथून जेमतेम एक बोट लांब. वायरिंगवाल्याने आधी बॅटरीची वायर काढली, मग बोलला.

"दोन महिने मला येड्यात काढलंस."

लेकीने करपलेल्या फोमला आणि त्यातल्या आईच्या शेकायच्या गादीला हात लावून पाहिला. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिला रिले गेला तेव्हापासून."

"आणि मी या गाडीतून घाट उतरणार होते."

"स्विच बंद केला होता मी."

"फक्त इथे येताना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने बॅग ओढून बाहेर काढली आणि हात पुढे केला. "घराची किल्ली द्या."

"कशाला?"

"आईसाठी म्हणून घरात आणखी काय काय चालू ठेवलंय, ते आधी बघते. नोकरी एक दिवस थांबेल."

त्याने किल्ली खिशातून काढली, पण मुठीतच ठेवली. "तिच्या खोलीतला हीटर," तो म्हणाला. "पलंगाशेजारचा."

"कधीपासून चालू आहे?"

"रात्रंदिवस असतो."

आणखी कुणी काही विचारायच्या आत वायरिंगवाल्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि "चला घरी" म्हणत दुकानाचं शटर खाली ओढलं.